हादऱ्यातला हात

यवतमाळ जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला असल्यामुळे विहीर खोदताना माती आणि मुरूम संपला, की ट्रॅक्टरवरच्या कॉम्प्रेसरला जोडलेल्या जॅकहॅमरने सुरुंगासाठी होल मारावे लागतात. हे यंत्र सेकंदाला साधारणपणे 25 ते 35 ठोके देते. ठोक्याने खडकाचे काय होते ते डोळ्यांना दिसते; मुठीतून माणसाच्या अंगात काय शिरते हे मात्र दिसत नाही, आणि त्यासाठीच शास्त्रज्ञांनी हाताची गणिती प्रतिकृती तयार केली.

या प्रतिकृतीत हाडे, स्नायू आणि कातडी यांच्याऐवजी वस्तुमान, स्प्रिंग आणि मोटारसायकलच्या शॉकअपप्रमाणे ऊर्जा जिरवणारा अवमंदक एवढेच घटक असतात. बोटे, तळहात, कोपर, खांदा अशी त्यांची साखळी जुळवली, की मुठीपाशी दिलेला कंप कुठवर पोहोचतो याचा हिशेब करता येतो. झोक्याला त्याच्याच लयीत धक्का दिला की तो उंच जातो, तसेच हाताच्या प्रत्येक भागालाही स्वतःची लय असते, आणि ती जुळली की कंप वाढतो, ज्याला अनुनाद म्हणतात. बोटांची लय सेकंदाला शंभराहून अधिक कंपनांची, तर तळहात व मनगटाची साधारण 20 ते 50 कंपनांची असते. म्हणजे जॅकहॅमरचे ठोके नेमके या दुसऱ्या पट्ट्यात पडतात. मंद कंप खांद्यापर्यंत चढतो, वेगवान कंप बोटांतच जिरतो, आणि मूठ घट्ट आवळली की स्प्रिंग ताठ होऊन कंप अधिक आत जातो. अशा मंद कंपापुढे साध्या हातमोज्यांचा फारसा उपयोग होत नाही.

अमेरिकेत इंडियानातील, कंपणाऱ्या हत्यारांनी चुनखडी घडवणाऱ्या कामगारांची पांढरी पडणारी, बधिर बोटे अॅलिस हॅमिल्टन यांनी 1918 मध्ये नोंदवली. चुनखडी यवतमाळ जिल्ह्यातील वणीच्या परिसरातही आहे, पण थंडीने बोटे पांढरी पडण्याचा प्रकार उष्ण प्रदेशांत कमी आढळतो. तेथे मुंग्या येणे आणि बधिरपणाच अधिक दिसतो, त्यामुळे दुखणे सहज नजरेआड होते.

युरोपीय संघाच्या 2002 च्या निर्देशानुसार आठ तासांच्या कामासाठी कंपाच्या त्वरणाची कमाल मर्यादा 5 मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. हा हिशेब वेळेच्या वर्गमुळाने चालत असल्याने, त्वरण 10 असलेले यंत्र दोन तास चालवले तरी मर्यादा गाठली जाते.

तरीही प्रतिकृतीची एक मोठी अडचण उरते. प्रयोगशाळेतील मापने बहुधा उभ्या माणसाचे कोपर काटकोनात वाकवून घेतली जातात, तर विहिरीच्या तळाशी जॅकहॅमरवर सगळे वजन टाकून वाकलेल्या मजुराचा हात जवळजवळ सरळ असतो, आणि सरळ हातातून कंप खांद्याकडे अधिक जातो.