एक आवर्त, तीन आपत्ती : मार्च १९९३ चे अमेरिकेतील हिवाळी वादळ

अरबी समुद्रातील चक्रीवादळे भारतीय अभ्यासकास परिचित आहेत. त्यांची शक्ती मुख्यत्वे उष्ण सागरपृष्ठावरून मिळणाऱ्या बाष्पातून येते. मध्य अक्षांशांतील हिवाळी आवर्ताचे मूळ मात्र निराळे असते. ध्रुवाकडील थंड, कोरडी वायुराशी आणि उष्ण कटिबंधाकडील उबदार, दमट वायुराशी यांच्या तापमानांतील तफावत हेच त्याचे प्रमुख ऊर्जास्थान होय. या दोन वायुराशींना विभागणाऱ्या सीमापृष्ठाची कल्पना पहिल्या महायुद्धानंतर नॉर्वेतील बर्गेन येथे याकोब ब्येर्कनेस व त्यांचे सहकारी यांनी विकसित केली. दि. १२ ते १४ मार्च १९९३ या काळात अमेरिकेच्या पूर्व भागावरून गेलेले वादळ तिच्या आधारे चांगले समजून घेता येते.

मेक्सिकोच्या आखातावर १२ मार्च रोजी हे आवर्त आकारास आले. उत्तरेकडून उतरलेली अतिशीत हवा आखातावरील दमट हवेला भिडली. वरच्या थरांतील वेगवान वाऱ्यांनी आवर्ताच्या केंद्रावरील हवा दूर वाहून नेली. वर चढणाऱ्या बाष्पाचे द्रवीभवन होऊन सुप्त उष्णता मुक्त झाली. या तिन्ही कारणांनी केंद्रातील वायुभार वेगाने घसरत गेला आणि चेसापीक उपसागरानजीक तो सुमारे ९६० मिलिबारवर आला.

एकाच आवर्ताने तीन भिन्न आपत्ती कशा आणल्या, याचे उत्तर त्याच्या रचनेत आहे. शीत सीमापृष्ठाच्या पुढील उबदार विभागात हवा अस्थिर होती आणि उंचीनुसार वाऱ्याचा वेग व दिशा झपाट्याने बदलत होती. तेथे मेघगर्जनांची रांग उभी राहून फ्लॉरिडात ११ टोर्नेडो उद्भवले. त्या रांगेमागून आलेल्या प्रबळ वाऱ्यांनी आखाताचे पाणी फ्लॉरिडाच्या उथळ वायव्य किनाऱ्यावर लोटले. टेलर परगण्यात लाट सुमारे १२ फूट चढली. केंद्राच्या वायव्येस मात्र दमट हवा थंड हवेवर चढत होती. तेथे सर्व वृष्टी हिमरूपाने झाली. एरवी हिम क्वचितच पाहणाऱ्या अलाबामातील बर्मिंगहॅम येथे सुमारे १३ इंच, तर टेनेसीतील माउंट ल कॉन्ट येथे ५६ इंच हिम साचले.

पूर्वसूचनेच्या दृष्टीनेही हे वादळ बोधप्रद आहे. संगणकीय प्रतिमानांनी सुमारे पाच दिवस आधीच त्याची चाहूल दिली होती आणि ईशान्येकडील काही राज्यांत हिमझंझावात येण्यापूर्वीच आणीबाणी घोषित झाली. आखातावर मात्र निरीक्षणे विरळ होती, आणि वादळाच्या आरंभीच्या वाढीचा अंदाज कमी पडला. परिणामी फ्लॉरिडाचा किनारा १३ मार्चच्या पहाटे बेसावध सापडला व अनेकांना जलसमाधी मिळाली. मार्च महिन्यात सागराची अशी चढाई तेथील रहिवाशांना अपेक्षित नव्हती.

यावरून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. आवर्ताचा मार्ग व केंद्रीय वायुभार अचूक वर्तविला, तरी तेवढ्याने पूर्वानुमानाचे कार्य पुरे होत नाही. त्याच्या कोणत्या अंगाखाली कोणता प्रदेश येणार, आणि तेथील भूरचना त्या आघाताला कसे रूप देणार, याचे उत्तर वेळेवर मिळाले तरच ते ज्ञान माणसाचे रक्षण करू शकते.