ध्रुवसमुद्रातले जीव लहान-मोठे कसे होतात?

गावच्या शाळेतल्या मुलांची सरासरी उंची एप्रिलपेक्षा जूनमध्ये कमी भरली, तर तुम्ही काय म्हणाल? पोरे आखडली असे तर नाही ना म्हणणार! सातवीची उंच मुले शाळा सोडून गेली, पहिलीत चिमुकली मंडळी आली, एवढेच. उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात दरसाल असाच प्रकार घडतो.

तेथे पाण्याच्या ओघाबरोबर वाहणारे बारीक जीव असतात. त्यांना प्राणिप्लवक म्हणतात. त्यांतला मुख्य कॅलेनस, कोळंबीचा दूरचा नातलग. नॉर्वेच्या उत्तरेकडील स्वालबार्ड बेटांभोवती त्याच्या तीन जाती सापडतात. थोरली जात सुमारे ६-७ मिलिमीटर, मधली ३ ते ५, आणि धाकटी ३ च्या आसपास.

वसंतात उजेड परतला, की बर्फाखाली शेवाळ धरते. खोल पाण्यात हिवाळा काढलेले मोठे कॅलेनस तेव्हा वर येतात. पुढे अंड्यांतून टाचणीच्या टोकाएवढी पिल्ले निघतात, आणि वरच्या पाण्यातली सरासरी एकदम घसरते. (जाळ्याची वीण जाड असली तर ही पिल्ले निसटतात, आणि मोजणाराच फसतो!) पिल्लू वाढते ते कात टाकूनच, कारण अंगावरचे कवच काही फारसे ताणत नाही. अशा एकूण बारा अवस्था. उन्हाळा सरता सरता पोसलेले जीव शेकडो मीटर खोल उतरतात. वर लहानगेच उरतात, म्हणून सरासरी पुन्हा खाली येते. आकसले मात्र कोणीच नाही.

आता वजनाचे पाहा. खाली जाताना कॅलेनसच्या पोटात मेणासारख्या तेलाची पिशवी भरलेली असते. वाळवून तोलला, तर निम्म्याहून अधिक वजन या तेलाचेच भरू शकते. हीच त्याची हिवाळ्याची बेगमी. थोरल्या जातीची मादी तर याच शिदोरीवर, काही न खाता, भर हिवाळ्यात अंडी घालते. लांबी तेवढीच राहते, पण आतून जीव रिता होत जातो. पट्टीला हे कळत नाही, तराजूला कळते.

या तेलावर पुष्कळांचे पोट आहे. लिटल ऑक नावाचा छोटा समुद्रपक्षी असे जीव गळ्याच्या थैलीत भरून पिल्लासाठी नेतो, आणि नेताना मोठे, तेलकट तेवढे वेचतो. अटलांटिकच्या उबदार पाण्याबरोबर धाकटी जात उत्तरेकडे येते. तिच्या एका जिवात तेल कित्येक पटींनी कमी. म्हणजे तेवढ्याच घासासाठी पक्ष्याला अधिक बुड्या मारणे आले.

म्हणून सरासरी घटली, की आधी विचारावे लागते: ही ऋतूची नेहमीची घट, की वस्तीच बदलली? उत्तर सोपे नाही. मधल्या जातीचे लहान जीव आणि धाकटीचे मोठे जीव लांबीने सारखेच भरतात. पूर्वी केवळ लांबीवरून जात ठरवीत; डीएनए तपासल्यावर त्यांतले पुष्कळ चुकीच्या खात्यावर मांडलेले निघाले.