चित्रकाराचें आसन

विनायक कोंडदेव ओक यांनीं १८८१ सालीं ‘बालबोध’ आणि वासुदेव गोविंद आपटे यांनीं १९०६ सालीं ‘आनंद’ हीं मुलांचीं मासिकें काढलीं. मुलांसाठीं लिहिणाऱ्यांचा मेळावा मात्र पुष्कळ उशिरां, अमरेंद्र गाडगीळ यांच्या पुढाकारानें सुरू झालेल्या बालकुमार साहित्य संमेलनांत जमूं लागला. नांवांतच ‘साहित्य’ असल्यामुळें चित्रकाराची आठवण मागाहून होते. वस्तुतः अक्षरओळख नसलेलें मूल आधीं चित्रच वाचतें! माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ या पुस्तकांत लेखणी व कुंचला एकाच हातीं आहे. म्हणून चित्रांत दिसतें तें शब्दांना पुन्हां सांगावें लागत नाहीं. एरवीं मजकूर पुरा झाल्यावर चित्रकारास पाचारण होतें, आणि चित्र केवळ शोभेपुरतें उरतें. गंगापूरसारख्या तालुक्याच्या गांवीं संमेलन भरलें, तर एखादें कच्चें हस्तलिखित मध्यें ठेवून लेखक, चित्रकार व शाळेंतील मुलें यांस एका सतरंजीवर बसवितां येईल.