मॅग्नेशियम आणि आवळलेले स्नायू : एका शतकाचा मागोवा

‘पायात गोळे येतात? मॅग्नेशियम घेऊन बघा.’ हा सल्ला आज औषधाच्या दुकानात मिळतो, योगवर्गात मिळतो, लग्नाच्या पंगतीतही मिळतो. मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, त्यामुळे माझ्या वाट्याला तो फार वेळा आला. देणाऱ्याच्या मनात बहुतेकदा मायाच असते, म्हणून तो झटकून टाकावासा कधी वाटला नाही. शिवाय त्याच्यामागे शंभराहून अधिक वर्षांचे खरे काम आहे. ते काम क्रमाने पाहिले की मॅग्नेशियमने कुठे माणसे वाचवली, कुठे जन्माची सोबत केली आणि कुठे त्याच्याकडून उगाच अपेक्षा ठेवली गेली, याचा उलगडा होत जातो.

आधी दुखण्याविषयी. स्नायू आवळण्याची कारणे अनेक असतात. मध्यरात्री पोटरीत येणारा गोळा बहुतेकदा स्नायूपर्यंत पोचणाऱ्या नसेच्या टोकाशी सुरू होतो. पाय ताणला, पंजा वर ओढला की तो सुटतो. मल्टिपल स्क्लेरोसिसमधला आचका वेगळा. मेंदूकडून पाठीच्या कण्यात उतरणाऱ्या नसांचे आवरण खराब झालेले असते, त्यामुळे कण्यातल्या प्रतिक्षिप्त क्रियांवर मेंदूचा धाक उरत नाही. मग पांघरूण नुसते पायावरून सरकले तरी गुडघा ताडकन सरळ होतो, पाऊल खाली वळते, अंगठा वर उठतो आणि घोटा बराच वेळ थडथडत राहतो. धनुर्वातात कारण जिवाणूचे विष असते, डायलिसिसच्या खुर्चीवर शरीरातून झपाट्याने ओढले जाणारे पाणी. रुग्णाच्या तोंडी शब्द एकच असतो, ‘पाय आवळतात’. पण औषध कारणागणिक बदलते. या शतकाने शिकवलेली मुख्य गोष्ट हीच, आणि ती फार हळूहळू शिकवली.

मॅग्नेशियमचे क्षार औषधात आले ते इंग्लंडमधल्या एप्समच्या कडू झऱ्यामुळे. सतराव्या शतकात लोक तिथे पोट साफ करायला जात. नेहेमिया ग्रू याने १६९५ मध्ये त्या मिठावर पुस्तक लिहिले, १८०८ मध्ये हम्फ्री डेव्हीने विजेच्या साहाय्याने मूलद्रव्य वेगळे केले. स्नायूंशी त्याचा संबंध मात्र विसाव्या शतकाच्या आरंभी जुळला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत सॅम्युएल मेल्टझर आणि जॉन ऑअर यांनी प्राण्यांना मॅग्नेशियम सल्फेट टोचले, तेव्हा त्यांचे स्नायू सैल पडले. १९०८ मध्ये त्यांनी याच्या पुढची गोष्ट दाखवली. निपचित पडलेल्या प्राण्याला शिरेतून कॅल्शियम दिले की तो थोड्याच अवधीत शुद्धीवर येऊन उठून बसे. मॅग्नेशियम अति झाले तर उतारा म्हणून आजही कॅल्शियम ग्लुकोनेटच टोचतात. यामागचे कारण १९५४ मध्ये देल कास्तिल्यो आणि एंगबेक यांच्या प्रयोगांनी स्पष्ट केले : नस आणि स्नायू जिथे भेटतात तिथे संदेशवाहक रसायन सुटण्यासाठी कॅल्शियम लागते, आणि मॅग्नेशियम त्याची वाट अडवते.

मेल्टझर आणि ऑअर यांच्या काळापासून धनुर्वात आणि गरोदरपणातले झटके (एक्लॅम्प्सिया) या दोन जीवघेण्या अवस्थांत मॅग्नेशियमची परीक्षा होत राहिली. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एक्लॅम्प्सियाच्या मोठ्या चाचणीत १,६८७ स्त्रिया होत्या, आणि झटके पुन्हा येऊ न देण्यात मॅग्नेशियम सल्फेट डायझेपाम व फेनिटॉइनपेक्षा सरस ठरले. २००२ च्या ‘मॅगपाय’ चाचणीत ३३ देशांतल्या दहा हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश होता. ज्यांना मॅग्नेशियम दिले, त्यांच्यात झटके येण्याचा धोका निम्म्याहूनही कमी झाला. आपल्याकडे सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई आणि सहकाऱ्यांनी भारतीय स्त्रियांचे कमी वजन लक्षात घेऊन लहान मात्रेची पद्धत मांडली, ती त्यांच्या नावानेच ओळखली जाते. प्रसूतिकक्षात हे औषध देताना परिचारिका गुडघ्याखाली हातोडी मारून पाय उडतो का पाहते, श्वास मोजते, लघवी किती झाली ते लिहून ठेवते. पाय उडेनासा झाला की पुढचे इंजेक्शन थांबते. स्नायू सैल करण्याची ताकद खरी असल्यामुळेच ही राखण लागते.

धनुर्वाताचे उत्तर अधिक संमिश्र आले. या आजाराची तीव्रता मोजण्याच्या ज्या प्रतवाऱ्या पुढे जगभर वापरल्या गेल्या, त्यांतली एक पटेल आणि जोग या भारतीय डॉक्टरांनी १९५९ मध्ये मांडली होती. लसीकरण पसरेपर्यंत आपल्या रुग्णालयांनी धनुर्वात किती जवळून पाहिला, याची ती साक्षच आहे. व्हिएतनाममधल्या हो चि मिन्ह सिटीत २५६ रुग्णांवर झालेली चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. मॅग्नेशियममुळे व्हेंटिलेटरची गरज कमी झाली नाही, पण आचके आवरण्यासाठी इतर औषधे कमी लागली. जिथे अतिदक्षता विभाग अपुरे असतात, तिथे एवढाही आधार लहान नसतो.

ही सगळी शिरेतून किंवा स्नायूत, मोठ्या मात्रेने, पहाऱ्यात दिलेल्या औषधाची कहाणी. दीर्घ आजारांचा रस्ता दुसरीकडून आला, कमतरतेच्या शोधातून. १९५० च्या दशकात मिनेसोटाच्या एडमंड फ्लिंक यांनी दारूच्या व्यसनामुळे कंप सुटलेल्या रुग्णांत आणि दीर्घकाळ सलाइनवर राहिलेल्यांत मॅग्नेशियम घटलेले दाखवले. १९६९ मध्ये मॉरिस शिल्स यांनी स्वेच्छेने तयार झालेल्या माणसांना मॅग्नेशियम जवळजवळ नसलेला आहार देऊन निरीक्षणे नोंदवली. हात कापू लागले, स्नायू फडफडू लागले, आणि रक्तातले कॅल्शियम व पोटॅशियमही उतरले. मॅग्नेशियम परत देताच सगळे पूर्वपदावर आले. यातला धडा रोजच्या कामाचा आहे. मॅग्नेशियम फार उतरले की कॅल्शियम सांभाळणारे पॅराथायरॉइड संप्रेरक आपले काम सोडते आणि मूत्रपिंडे पोटॅशियम बाहेर टाकू लागतात. अशा रुग्णाला कॅल्शियमच्या बाटल्या आणि पोटॅशियमची सरबते कितीही दिली तरी आकडे वर येत नाहीत, कारण गाडी अडलेली असते मॅग्नेशियमपाशी.

याच वाटेवर १९६६ मध्ये हिलेल गिटेलमन आणि सहकाऱ्यांनी एका आनुवंशिक आजाराचे वर्णन केले. त्यांच्या रुग्णांत दोघी सख्ख्या बहिणी होत्या. गिटेलमन सिंड्रोममध्ये मूत्रपिंडातली मीठ परत शोषणारी एक वाट बिघडलेली असते. तिचे जनुक १९९६ मध्ये सापडले. आजार साधारण चाळीस हजारांत एकाला होतो. मीठ सतत लघवीवाटे जाते, पाठोपाठ पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही. या माणसांना लोणचे, मीठ, खारवलेले पदार्थ यांची विलक्षण ओढ असते, रात्री लघवीला उठावे लागते, थकवा पाठ सोडत नाही, ओठ-बोटांना मुंग्या येतात, पेटके येतात आणि कधी हाताची बोटे आखडून एकत्र जुळतात. यांच्यासाठी मॅग्नेशियम म्हणजे जन्मभराचे औषध. दिवसभरात विभागून, जेवणाबरोबर घ्यायचे, आणि पोट बिघडले तर मात्रा पुन्हा जुळवायची. दीर्घ आजारातल्या पेटक्यांवर मॅग्नेशियम हेच योग्य उत्तर आहे असे निःशंकपणे कुठे म्हणता येत असेल, तर ते इथे. दुःख एवढेच की अशा रुग्णाच्या अशक्तपणाला ‘टेन्शन’ म्हणून वर्षानुवर्षे टाळले जाऊ शकते, कारण मॅग्नेशियमची तपासणी नेहमीच्या यादीत नसते.

त्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा आपल्या घराघरांतला आहे. सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी घेणारी माणसे आपण सगळेच ओळखतो. ओमेप्राझोलच्या कुळातली ही औषधे. २००६ मध्ये ती दीर्घकाळ घेणाऱ्या दोन रुग्णांत मॅग्नेशियम धोकादायक पातळीपर्यंत उतरल्याची हकीकत प्रसिद्ध झाली. आणखी नोंदी जमत गेल्या आणि मार्च २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला. त्यात म्हटले होते की नोंदवलेल्या रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश जणांत नुसते मॅग्नेशियम देऊन भागले नाही, ॲसिडिटीचे औषधच थांबवावे लागले. दीर्घ आजाराच्या माणसाला वेदनाशामके, स्टेरॉइड आणि त्यांच्या जोडीला पोटासाठी ही गोळी असे सर्रास लिहून दिले जाते. लघवी वाढवणारी काही औषधेही मॅग्नेशियम घालवतात. म्हणजे आजार वेगळाच असतो, आणि त्याच्या शेजारी औषधांनी आणलेली कमतरता मुकाट बसलेली असते. ती शोधली तर भरून निघते. म्हणूनच ती शोधली गेली नाही की मला चीड येते.

आता थोडे मागे जाऊन आशेचा कालखंड. १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये इंग्लंडमधले एक काम आले. दीर्घ थकव्याच्या आजाराच्या ३२ रुग्णांपैकी १५ जणांना आठवड्यातून एकदा मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन सहा आठवडे दिले, बाकीच्यांना नुसते पाणी. मॅग्नेशियमवाल्यांतल्या १२ जणांना बरे वाटले, पाणी घेतलेल्यांतल्या तिघांना. रुग्णांच्या जगात ही बातमी अजून जिवंत आहे. पुढच्या अभ्यासांत मात्र अशा रुग्णांत मॅग्नेशियमची कमतरता आढळली नाही. २००० मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या एका स्त्रीचा ताठरपणा मॅग्नेशियम ग्लिसरोफॉस्फेटने कमी झाल्याची नोंद आली. ती नोंद मोलाची आहे, पण ती एका व्यक्तीची आहे. याच सुमारास पेटक्यांवर पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेलेले क्विनिन रक्तातल्या बिंबाणू आणि हृदयाच्या ठोक्यांवरील दुष्परिणामांमुळे मागे सारले गेले. निरुपद्रवी पर्यायाची वाट पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मॅग्नेशियमच होते.

साध्या पेटक्यांवरही त्याची कसोटी लागली. इस्रायलमध्ये ९४ जणांवर झालेली चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. मॅग्नेशियम ऑक्साइड घेणाऱ्यांचे रात्रीचे पेटके आठवड्याला सुमारे आठवरून साडेचारच्या आसपास आले, आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांचेही जवळजवळ तेवढेच कमी झाले. गोळे आपल्या लहरीने वाढतात आणि ओसरतात. माणूस गोळी घेतो ती दुखणे ऐन भरात असताना, मग ओसरण्याचे श्रेय गोळीला जाते. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात ११ चाचण्या आणि ७३५ माणसे होती. वयस्कांच्या पेटक्यांना मॅग्नेशियमने जाणवण्याजोगा फरक पडण्याची शक्यता कमी, गरोदर स्त्रियांबाबत निष्कर्ष परस्परविरोधी, असे त्यात आले. त्या ११ चाचण्यांत दीर्घ आजाराच्या रुग्णांवरची एकच होती, यकृताच्या सिरोसिसची. आम्हा मंडळींवर इतका थोडा अभ्यास व्हावा, याची खंत वाटते. आमचे दुखणे रोजचे आहे आणि प्रश्न अजिबात किरकोळ नाही.

माझ्या आजारात आज ताठरपणासाठी आधाराला आहेत ती बॅक्लोफेन, टिझानिडिन यांसारखी औषधे, रोजचे ताण देण्याचे व्यायाम, फिजिओथेरपी आणि आचके भडकवणाऱ्या गोष्टींचा शोध. मूत्रमार्गाचा संसर्ग, रुतलेले नख, घट्ट बूट आणि तुंबलेला कोठा यांतल्या कशानेही पाय एका रात्रीत बिघडतात. इथे मॅग्नेशियमचा एक आडवळणाचा उपयोग संभवतो. त्याचे काही क्षार पोट साफ करतात, आणि बद्धकोष्ठ सुटले की ताठरपणा थोडा सैलावू शकतो. अशा माणसाला आलेला आराम खरा असतो, त्यासाठी स्नायूपर्यंत मॅग्नेशियम पोचलेच असे मानायची गरज नाही.

आहारातल्या मॅग्नेशियमबाबत हात आखडता घेण्याचे कारण नाही. भारतीय शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला दिवसाला ४४० आणि स्त्रीला ३७० मिलिग्रॅम लागते. १०० ग्रॅम बाजरी किंवा नाचणीत १२० ते १५० मिलिग्रॅम असते, राजगिऱ्यात त्याहून जास्त. तीळ, शेंगदाणे, डाळी आणि हिरव्या पालेभाज्या आपल्या ताटात आहेतच. गोळीचे मात्र तसे नाही. जास्तीचे मॅग्नेशियम मूत्रपिंडे बाहेर टाकतात. ती थकलेली असतील, तर साधे वाटणारे पूरक औषध साठत जाऊन स्नायू, श्वास आणि हृदय मंदावतात. डायलिसिसवरच्या माणसाला पेटके येतात म्हणून शेजाऱ्याने मायेने गोळी द्यावी, असे चुकूनही होऊ नये. मायस्थेनिया ग्रेव्हिसमध्ये नस-स्नायूंचा संवाद आधीच क्षीण असतो, तिथे मॅग्नेशियम तो आणखी क्षीण करते. थायरॉइडची गोळी आणि काही प्रतिजैविके त्याच्याबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाहीत, म्हणून मध्ये काही तासांचे अंतर ठेवावे लागते.

शतकभराच्या कामातून डॉक्टरांकडे मागावे असे थोडकेच निघते, पण ते ठामपणे मागायला हवे. रुग्ण ‘पाय आवळतात’ म्हणाला तर कधी, कुठे, कसे आणि कशाने सुटतात हे केसपेपरवर लिहिले जावे. पोटॅशियम आणि कॅल्शियम तपासताना मॅग्नेशियम आणि क्रिएटिनिनही तपासावे. रक्तात शरीरातल्या मॅग्नेशियमचा एक टक्कासुद्धा नसतो, त्यामुळे आकडा ठीक आला तरी लक्षणे आणि औषधांची यादी पाहूनच निर्णय घ्यावा. कमतरता निघाली तर ती पुरती भरावी आणि कारणही शोधावे. ती नसेल, तर मॅग्नेशियमच्या भरवशावर महिने घालवू नयेत, आचक्याच्या मूळ कारणावर लगेच इलाज सुरू व्हावा. गिटेलमनच्या रुग्णाला मॅग्नेशियम नाकारणे आणि मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णाला नुसत्या मॅग्नेशियमवर ठेवणे, दोन्ही अन्यायच आहेत. आणि दोन्ही टाळता येतात, आज उपलब्ध असलेल्या तपासण्यांनी आणि रुग्णाचे बोलणे पुरते ऐकून घेतल्याने.