कोलेस्टेरॉल पेशींना हवंच असतं, पण कशासाठी? समजून घ्या पेशीच्या पडद्यातले 'तराफे'

रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल वाढलेलं दिसलं की धडकी भरते. पण आपल्या पेशींभोवती जो पडदा असतो, त्यातल्या मेदरेणूंपैकी साधारण एक तृतीयांश कोलेस्टेरॉलच असतं. ते तिथे नेमकं काय करतं, यावर शास्त्रज्ञ २५ वर्षांहून जास्त काळ वाद घालत आहेत.

पडदा असतो कसा?

मेदरेणूच्या डोक्याला पाणी आवडतं, शेपट्यांना आवडत नाही. म्हणून हे रेणू शेपट्या आत लपवून दोन थरांत उभे राहतात. या दुहेरी थराची जाडी जेमतेम ४ ते ५ नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. हा पडदा प्रवाही असतो आणि त्यात प्रथिनं तरंगतात, असं सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ मध्ये मांडलं.

मग 'तराफे' कुठून आले?

१९९७ मध्ये काई सिमन्स आणि एलिना इकोनेन यांनी 'नेचर'मध्ये नवी कल्पना मांडली. सरळ शेपट्यांचे काही मेदरेणू कोलेस्टेरॉलसोबत दाटीवाटीने गोळा होतात आणि ठरावीक प्रथिनं त्यांच्यासोबत राहतात. हेच 'लिपिड राफ्ट', म्हणजे मेदाचे तराफे.

वाद कशावरून?

सुरुवातीचा बराच पुरावा थंड डिटर्जंटमध्ये न विरघळणाऱ्या भागांचा होता. पण हे पुंजके डिटर्जंटमुळेच तयार होत असतील तर? बरं, साध्या प्रकाश सूक्ष्मदर्शकाला साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळे दिसत नाहीत.

पुरावा मिळाला का?

१९९८ मध्ये बेंगळुरूच्या एनसीबीएसमधल्या सत्यजित मेयर यांच्या गटाने जिवंत पेशींत एका प्रकारच्या प्रथिनांचे ७० नॅनोमीटरहून लहान पुंजके असल्याचं दाखवलं. कोलेस्टेरॉल कमी केल्यावर ते विस्कटले. २००९ मध्ये जर्मनीत श्टेफान हेल यांच्या गटाला काही मेदरेणू २० नॅनोमीटरहून लहान जागेत सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका वेळ अडकून पडताना आढळले. म्हणजे तराफा हा शब्दच थोडा फसवा. हे पुंजके क्षणात जमतात, क्षणात मोडतात.

आपल्याला याचं काय?

एचआयव्ही आणि फ्लूचे विषाणू पेशीतून बाहेर पडताना तिच्याच पडद्याचा तुकडा पांघरतात आणि त्यात कोलेस्टेरॉल जास्त असतं. त्यामुळे हे पुंजके कसे जमतात हे कळलं, तर विषाणूंची वाट अडवण्याचे मार्गही शोधता येतील.

आणि हो, रिपोर्टमधला आकडा रक्तातल्या कोलेस्टेरॉलचा असतो. पेशींना ते लागतं म्हणून त्या आकड्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.