जांभळ्याच्या पलीकडचा उजेड आणि माशाची शिदोरी



आजच्या विषयाचा फलक वाचून एका स्नेह्यांनी मला दारातच अडवले. ते म्हणाले, "प्रकाश ओळखणारी उपकरणे आणि गोड्या पाण्यातल्या माशांचे चयापचय, ही दोन टोके तुम्ही एकत्र बांधणार तरी कशी?" मी त्यांना एवढेच सांगितले की, ही गाठ माझी नव्हे, ती माशाच्या अंगातच आहे. ती कशी हे आज सांगायचे आहे. पण त्यासाठी आरंभी थोडा वेळ पाण्याबाहेर काढावा लागेल.

लोलकातून ऊन भिंतीवर पाडले म्हणजे तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा पट्टा उमटतो, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. जांभळा रंग जेथे विरतो तेथे प्रकाशही संपला, असे आपण धरून चालतो. वस्तुतः तेथे संपते ती आपली नजर. १८०० साली विल्यम हर्शेल याने तांबड्याच्या बाहेरच्या काळोख्या जागी तापमापक ठेवला आणि तो चढलेला पाहिला. ही वार्ता जर्मनीत योहान रिटर नावाच्या तरुणाच्या कानी गेली. निसर्गात प्रत्येक गोष्टीला तिचा प्रतिध्रुव असतोच, अशी या गृहस्थाची श्रद्धा होती. तेव्हा एका टोकाला अदृश्य किरण असतील तर दुसऱ्या टोकालाही ते असलेच पाहिजेत! तर्क म्हणून हा लंगडाच. परंतु लंगडा तर्कही कधी कधी योग्य दारी नेऊन सोडतो. उजेडाने काळे पडणारे सिल्व्हर क्लोराइड त्याने १८०१ साली रंगपटात ठेवून पाहिले, तेव्हा जांभळ्याच्या पलीकडे, जेथे काहीच दिसत नव्हते, तेथे ते सर्वांत लवकर काळवंडले.

या किरणांना आपल्याकडे 'जंबुपार' म्हणत आले आहेत. हल्लीच्या पाठ्यपुस्तकांत 'अतिनील' असा शब्द आढळतो. तो चुकीचा नाही, पण जुन्या शब्दात जांभळाचा रंग दिसतो म्हणून मी तोच वापरणार आहे. मापाच्या भाषेत सांगायचे तर आपल्याला साधारण ७०० पासून ४०० नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरी दिसतात; नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. ४०० च्या खाली जंबुपार प्रदेश सुरू होतो.

जे डोळ्याला दिसत नाही ते ओळखायचे तर त्याच्याकडून दुसरे एखादे काम करवून घ्यावे लागते. रिटरने चांदीचा क्षार काळा करवून घेतला. १८५२ साली स्टोक्स याने दाखवले की, कोयनेलाच्या द्रावणावर हे किरण पडले म्हणजे ते द्रावण निळसर चमकते. पेढीवर नोट खरी की खोटी हे ज्या दिव्याखाली पाहतात, त्याचे तत्त्व हेच. १८८७ साली हाइन्रिख हर्ट्झ हा विजेच्या ठिणग्यांवर प्रयोग करीत असता त्याला आढळले की, एका ठिणगीचा उजेड दुसरीवर पडला तर दुसरी अधिक सहज उडते. मध्ये काचेचे तावदान धरले की हा परिणाम मावळतो, स्फटिकाचे तावदान धरले की टिकतो. काच जंबुपार किरणांना बरेचसे अडवते, स्फटिक अडवत नाही; त्यावरून हे काम कोणाचे ते उघड झाले. प्रकाश धातूतून विद्युत्कण बाहेर काढतो, ही गोष्ट या वाटेने पुढे आली आणि तिचा उलगडा १९०५ साली आइन्स्टाइनने केला. आजचे जंबुपार शोधक त्याच कुळातले आहेत. सिलिकॉनचा साधा तुकडा दिसत्या उजेडालाही भुलतो, म्हणून त्याच्यापुढे गाळणी लावावी लागते. गॅलियम नायट्राइड मात्र सुमारे ३६५ नॅनोमीटरच्या वरच्या लहरींकडे ढुंकूनही पाहत नाही. हवे तेवढेच टिपावे आणि बाकीच्या लखलखाटाकडे दुर्लक्ष करावे, हा शोधकाचा खरा गुण. ३६५ हा आकडा कृपा करून ध्यानात ठेवावा.

आता पाण्यात उतरू.

गेल्या शतकाच्या आरंभी कार्ल फॉन हेस या नामांकित जर्मन नेत्रवैद्याचे मत होते की, मासे रंगांध असतात. कार्ल फॉन फ्रिश या तरुण प्राणिशास्त्रज्ञाने ओढ्यातले मिनो जातीचे चिमुकले मासे पाळले, ठरावीक रंगाशी खाऊ जोडून त्यांना शिकवले आणि ते रंग ओळखतात हे दाखवले. वाद कडाक्याचा झाला. याच फ्रिशला पुढे १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर मधमाश्यांच्या नृत्यामुळे त्याचे नाव घरोघर झाले होते. १९२५ साली वोल्फ नावाच्या संशोधकाने त्याच मिनो माशांना दिसत्या रंगांबरोबर जंबुपार किरणही वेगळे ओळखता येतात असे प्रसिद्ध केले. पण या शोधाकडे पुढे कित्येक दशके फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९८३ साली इंग्लंडात रोच या माशाच्या आणि जपानी डेस या माशाच्या डोळ्यांत केवळ जंबुपार प्रकाश शोषणारे शंकू आढळले, तेव्हा कोठे शंकेला जागा उरली नाही.

शंकू म्हणजे दृक्पटलातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी. त्या आपल्यापाशी तीन प्रकारच्या आहेत, या माशांपाशी चार. शिवाय आपल्या डोळ्यातील भिंगच जंबुपार किरण गिळून टाकते. पूर्वी मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात नवे भिंग बसवीत नसत, जाड चष्मा देत. अशा लोकांना हे किरण काही प्रमाणात दिसतात, हे अमेरिकेत जॉर्ज वाल्ड याने १९४५ साली नोंदले. हल्ली बसवतात त्या कृत्रिम भिंगात सहसा किरण रोखणारे द्रव्यच घातलेले असते, तेव्हा ही संधी आता गेली!

माशाला या चौथ्या रंगाचा उपयोग काय? येथे मी आपल्याच देशातल्या एका माशाची गोष्ट सांगतो. गंगेच्या प्रदेशातल्या माशांवर फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात बोटाच्या दोन पेरांएवढ्या, अंगावर निळे आडवे पट्टे असलेल्या एका माशाचे वर्णन आहे. भातखाचरांत आणि संथ ओहोळांत राहणारा हा मासा आज झेब्रामासा म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत पाळला जातो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही त्याच्यावर काम चालते. त्याचे पिलू अंड्यातून बाहेर पडते ते बलकाची शिदोरी पोटाशी बांधून. ही शिदोरी सुमारे आठवडाभर पुरते. पाचव्या दिवसाच्या सुमारास पिलू पोहू आणि टिपू लागते, आणि त्यानंतरच्या थोड्या दिवसांत त्याला शिकार साधली नाही तर ते मरते. शिकार तरी केवढी? पॅरामेसियमसारखा एका पेशीचा, जवळजवळ पारदर्शक जीव. आपण सूक्ष्मदर्शकाखाली तो शोधताना बेजार होतो.

पण पारदर्शक वस्तू सर्वच रंगांत सारखी पारदर्शक नसते. आखूड लहरी अशा कणांवरून अधिक विखुरतात, आणि दिसत्या उजेडात हरवलेला ठिपका जंबुपार उजेडात उठून दिसतो. इंग्लंडातील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली दाखवले की, या पिलाच्या दृक्पटलाच्या ज्या भागावर समोरच्या भक्ष्याची प्रतिमा पडते, तेथे जंबुपार शंकूंची दाटी असते आणि तेथले शंकू इतर ठिकाणच्यांपेक्षा अधिक संवेदनाक्षम असतात. भक्ष्य इतके लहान की त्याची प्रतिमा एकेका शंकूवरच मावते. हे शंकू नष्ट केले की पिलाची शिकार मंदावते. या शंकूंची ग्रहणक्षमता ३६० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते; गॅलियम नायट्राइडचा आकडा आठवावा.

आता शिदोरीचा हिशोब पाहू, कारण चयापचय म्हणजे शेवटी जमाखर्चच. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. तीस अंश सेल्सियस तपमानाच्या एक लिटर पाण्यात तो फार तर साडेसात मिलिग्रॅम मावतो. पाणी दहा अंशांचे असेल तर सव्वाअकरा मावतो. म्हणजे पाणी तापले की जमा घटते. खर्च मात्र वाढतो. डेन्मार्कचा ऑगस्ट क्रो याने एगे या सहकाऱ्यासह १९१४ साली सोनेरी माशाचा श्वसनव्यय वेगवेगळ्या तपमानांत मोजला. सामान्यतः दहा अंश उष्णता वाढली की माशाचा प्राणवायूचा खर्च दुप्पट वा त्याहून अधिक होतो. त्यातून लहान देहाचा दर ग्रॅममागचा खर्च मोठ्या देहाहून जास्त. उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यातले मिलिग्रॅमभर वजनाचे पिलू हे सर्वांत महागड्या संसाराचे धनी होय. आणि गंमत अशी की, दृक्पटल हा शरीरातल्या अतिशय खर्चिक भागांपैकी एक आहे. तेव्हा प्रत्येक शंकू बाळगण्याची किंमत पडते. जोवर तो आपल्या खर्चाहून अधिक अन्न मिळवून देतो, तोवर तो ठेवणे परवडते.

मग परवडेनासे झाले तर? याचे उत्तर ट्राउट माशाने दिले. हा थंड पाण्याचा मासा. इंग्रजांनी तो काश्मिरात आणि निलगिरीत आणून सोडला. इंद्रधनुषी ट्राउटची पिले उथळ, स्वच्छ पाण्यात सूक्ष्म जीव टिपून जगतात. १९९४ सालच्या प्रयोगांत दिसले की, जंबुपार प्रकाश असला म्हणजे ती भक्ष्य अधिक लांबून हेरतात. पण कॅनडात क्रेग हॉरिशिन आणि त्याच्या सहकाऱ्यांना आढळले होते की, तीस ग्रॅमांच्या आतल्या पिलांना ही नजर असते, साठ ग्रॅमांवर गेलेल्या माशांत ती सापडत नाही. मोठा मासा खोल पाण्यात जातो, मोठे भक्ष्य खातो. तेथे ते किरण पोचतात कमी आणि कामाचेही फारसे नाहीत.

ही नजर मिटवतो कोण? अवटू ग्रंथीतून पाझरणारे थायरॉक्सिन. आपल्या शरीरात चयापचयाचा वेग राखणारे ते हेच द्रव्य. त्याचे मान चुकले म्हणजे माणूस विनाकारण वाळतो किंवा सुस्तावतो, हे आपल्यापैकी पुष्कळांना घरच्या अनुभवाने माहीत असेल. बेडकाच्या पिलांना अवटू ग्रंथी खाऊ घातली की ती वेळेआधीच बेडूक होतात, हे गुडरनाच याने १९१२ साली दाखवले होते. १९९२ साली ब्राउमन आणि हॉरिशिन यांनी लहान ट्राउटना थायरॉक्सिन दिले, तेव्हा त्यांची जंबुपार नजर वेळेआधीच गेली. म्हणजे जे द्रव्य देहाचा खर्च ठरवते, तेच डोळ्यातला शोधकही बदलते. माझ्या मते या सगळ्या कथेतला सर्वांत विलक्षण प्रसंग हाच. आरंभी समजूत अशी होती की, ते शंकू मरून जातात. २००४ साली सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या संशोधकांनी पॅसिफिक सामन माशांत वेगळेच पाहिले: शंकू तोच राहतो, त्याच्या आतले जंबुपार शोषणारे प्रथिन जाऊन निळा रंग शोषणारे येते. उपकरण फेकून न देता त्यातला चिमटीएवढा भाग बदलावा, तसे हे झाले.

या नजरेचे सारे भवितव्य अर्थात पाण्यावर अवलंबून. डोंगरातल्या निर्मळ तळ्यात जंबुपार किरण कित्येक मीटर खाली उतरतात; कुजक्या पाल्याने चहासारख्या झालेल्या पाण्यात ते वीतभरातच संपतात. सांडपाणी आणि गाळ सोडलेल्या नदीत मासे दिसतात, तोवर पाणी बरे आहे असे आपण समजतो. पण पिलाला आवश्यक असलेला प्रकाश त्या पाण्यात उतरतो की नाही, हे आपल्या डोळ्यांनी कळणार नाही. तेथे शोधकच बुडवावा लागेल. उलट किरण अती झाले तरी घात होतो. त्यांतला आखूड लहरींचा भाग अंड्यांना व पिलांना भाजून काढतो. तो बराचसा वरच्या हवेतला ओझोन रोखतो. अंटार्क्टिकावर हे छत्र विरळ झाल्याचे १९८५ साली उघडकीस आले आणि १९८७ साली माँट्रिअलचा करार झाला, तो माणसांच्या कातडीची चिंता करून. त्यात माशांचाही लाभ झाला.

शेवटी घरच्या हौदाकडे येतो. डासांच्या अळ्या खाण्यासाठी नगरपालिका ज्यात गप्पी मासे सोडते, त्या हौदातले गप्पीही जंबुपार पाहतात. २००२ साली ब्रिस्टलच्या संशोधकांनी दाखवले की, मादीची नराबद्दलची पसंती या किरणांवरही अवलंबून असते. त्या नराचे जे रूप मादीला दिसते ते आपल्याला कधी दिसलेलेच नाही. बाहेरच्या ओसरीवर चिटणिसांनी काचेच्या टाकीत असे काही गप्पी ठेवले आहेत, ते जाताना अवश्य पाहावेत. मात्र टाकीवर आज विजेची नळी जळते आहे, तिच्या उजेडात हे किरण नाममात्रच, आणि वरून काचेचे झाकण आहे. त्यांची चौथी नजर यावेळी बंद आहे. उद्या सकाळी आठच्या सुमारास टाकी झाकण काढून अंगणात कोवळ्या उन्हात ठेवणार आहोत. ज्यांना सवड असेल त्यांनी यावे.