अपंगत्वाचे अनुदान आणि छोटा धंदा : हिशोब समजून घ्या

आपल्या वस्त्यांतून असे कितीतरी हुनरमंद लोक आहेत की ज्यांचा हात किंवा पाय निकामी झाला आहे, पण काम थांबलेले नाही. कोणी मोटर लावलेल्या मशीनवर कपडे शिवतो, कोणी कटपीसची गाडी लावतो, कोणी घरी बसून बॅगांना चेन लावतो. अशा माजूर कारागिराला 'धंदा थोडा वाढव' म्हटले की तो घाबरतो. धंदा दिसला की सरकारी अनुदान बंद होणार, असे त्याला वाटते. मग तो एक तर धंदा करीत नाही, किंवा लपवून करतो. दोन्हीत नुकसान त्याचेच आहे. म्हणून या प्रश्नाचा हिशोब व्यापाऱ्याच्या पद्धतीने मांडणे जरूर आहे.

मदत दोन प्रकारची

पहिली गोष्ट म्हणजे सगळी मदत एका जातीची नसते. कारखान्यात काम करताना अपघात झाला, कामगार राज्य विम्यात होता आणि कायमचे अपंगत्व आले, तर त्याला मिळणारी रक्कम ही भरपाई आहे. कमाईची ताकद किती गेली यावर ती ठरते आणि आयुष्यभर मिळते. त्याने पुढे दुकान टाकले म्हणून ती बंद होत नाही.

दुसरी मदत म्हणजे आधार. आपल्या राज्यात १९८० मध्ये बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली, ती या प्रकारची. किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा या तिच्या मुख्य अटी. इतरांसाठी ही मर्यादा वर्षाला २१ हजार रुपये आहे, अपंगांसाठी ५० हजार. अपंगांचे अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा २,५०० रुपये झाले. या योजनेत धंदा करण्यास मनाई नाही. उत्पन्न मर्यादेबाहेर जाण्यास मनाई आहे. हा फरक नीट ध्यानात घ्यावा. मर्यादा शासन निर्णयाने बदलत असते, म्हणून अर्ज करताना तहसील कार्यालयातील संजय गांधी शाखेत चौकशी करावी.

विक्री म्हणजे उत्पन्न नव्हे

गल्ल्यात आलेला सगळा पैसा कमाई नसतो, हे कोणाही कापडवाल्याला सांगावे लागत नाही. पण दाखला काढताना आपला माणूस एकदम विक्रीचा आकडा सांगून मोकळा होतो. समजा, एका कटपीसवाल्याची महिन्याची विक्री २० हजार रुपये आहे. त्यात मालाची खरेदी १५,५००, जागेचे भाडे ७००, टेम्पो-रिक्षा ५००, पिशव्या व दिवाबत्ती ३००. एकूण खर्च १७ हजार. हातात राहिले ३ हजार, म्हणजे वर्षाचे ३६ हजार. विक्री वर्षाला दोन लाख चाळीस हजार दिसते, उत्पन्न मात्र मर्यादेच्या आत आहे. हे सिद्ध करायला खरेदीची बिले आणि रोज लिहिलेली वही लागते. तोंडी हिशोबाला कार्यालयात किंमत नाही. मर्यादा कुटुंबाची आहे, म्हणून घरात दुसरे कोणी कमावत असेल तर तेही धरावे.

मधला खड्डा

आता खरी अडचण. उत्पन्न ५० हजार असेल तर वर्षाचे अनुदान ३० हजार, मिळून ८० हजार. उत्पन्न ५१ हजार झाले आणि अनुदान गेले, तर हातात राहतात फक्त ५१ हजार. म्हणजे एक हजार जास्त कमावून २९ हजार गमावले. अनुदानाशिवाय पहिल्या जागी यायला वर्षाला ८० हजार, महिन्याला जवळजवळ ६,७०० रुपये निव्वळ नफा हवा.

या खड्ड्याच्या काठावर जन्मभर बसून राहणे हा उपाय नाही, आणि उत्पन्न लपवणे तर नाहीच. खोटी माहिती उघडकीस आली तर अनुदान बंद होते आणि घेतलेली रक्कम वसूल होऊ शकते. शहाणपण असे की, मर्यादेच्या आत असताना वही, गिऱ्हाईक आणि पत तयार करावी, आणि वाढायचे तेव्हा खड्डा एका उडीत ओलांडता येईल इतक्या भांडवलाने वाढावे.

भांडवल कोठून?

अपंगांना स्वयंरोजगारासाठी कर्ज देण्याकरिता केंद्राने १९९७ मध्ये राष्ट्रीय महामंडळ काढले. आपल्याकडे त्याचे काम महाराष्ट्र राज्य दिव्यांग वित्त व विकास महामंडळामार्फत चालते. शिवाय २०१९ च्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात अपंग आणि अल्पसंख्याक दोघेही विशेष गटात येतात. त्यांना स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात. सरकारी अनुदान शहरात २५ टक्के आणि ग्रामीण भागात ३५ टक्के असते, बाकी बँकेचे कर्ज. शहरात दोन लाखांचे शिलाई युनिट धरले तर स्वतःचे १० हजार, अनुदान ५० हजार आणि कर्ज १ लाख ४० हजार. चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करावी.

धंदा भावाच्या किंवा मेहुण्याच्या नावावर टाकण्याची रीत सोडावी. उद्या घरात वाटणी झाली तर माजूर माणूस रिकाम्या हाताने उरतो. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात धंद्यासाठी सवलतीने दिल्या जाणाऱ्या जागांमध्ये ५ टक्के आरक्षण सांगितले आहे. ते ज्याच्या नावावर प्रमाणपत्र आहे त्यालाच मागता येते.

ठोक व्यापाऱ्यांचे काम

शेवटी दोन शब्द आपल्या ठोक व्यापारी बांधवांना. अशा दुकानदाराला कच्च्या चिठ्ठीवर माल देऊ नका. थान एक असले तरी पक्के बिल द्या. कारागिराची मजुरी रोख न देता त्याच्या खात्यात भरा. आपल्याला तो पाच मिनिटांचा त्रास आहे, पण त्या कागदांवर त्याचा दाखला, त्याचे कर्ज आणि त्याची पत उभी राहते. पाच रुपयांची सूट मागे ठेवलीत तरी चालेल, बिल मागे ठेवू नका.